मापाबरहुकूम सायकल फ्रेम : धातू आणि कारागीर यांची निवड

मापाबरहुकूम सायकल फ्रेम : एका विशिष्ट माणसाच्या अंगाची मापे, बसण्याची ढब आणि सायकलचा नेमका वापर ध्यानात घेऊन त्याच्या एकट्यासाठी घडवलेली सायकलची चौकट. कारखाने एका नमुन्याची फ्रेम पाच-सात मापांत काढतात आणि बहुतेकांचे त्यात भागते. ज्यांचे भागत नाही त्यांत फार बुटके आणि फार उंच लोक येतात, पाय लांब पण धड आखूड असलेले येतात, मानेचे-पाठीचे दुखणे सांभाळत चालवणारे येतात. मडगार्ड, कॅरियर, डायनॅमोचे दिवे आणि रुंद टायर हे सगळे एकाच वेगवान सायकलवर हवे असणारे दूर पल्ल्याचे सायकलस्वारही त्यांत आले. फ्रेम घडवून घ्यायला निघालेला माणूस बहुधा पहिला प्रश्न धातूचा विचारतो. या नोंदीत निवडीचा क्रम उलटा धरला आहे : आधी माप आणि वापर, मग कारागीर, आणि शेवटी त्या कारागिराचा हात ज्यावर बसला आहे तो धातू. असा क्रम का, याचे उत्तर धातूंच्या गुणधर्मांतच आहे.

पोलादाची घनता दर घन सेंमी.ला सुमारे ७.८५ ग्रॅम, टिटॅनियमची ४.५ आणि ॲल्युमिनियमची २.७ असते. ताठपणा दाखवणारा यंग गुणांक पोलादाचा सुमारे २०५ गिगापास्कल, टिटॅनियमचा १०७ आणि ॲल्युमिनियमचा ६९. म्हणजे ॲल्युमिनियम वजनाने पोलादाच्या एक तृतीयांश, तसे ताठपणानेही एक तृतीयांशच. गुणांकाला घनतेने भागले की तिन्ही धातू जवळजवळ एकाच आकड्यावर येतात. खरा फरक पडतो तो नळीच्या व्यासाने आणि भिंतीच्या जाडीने. पातळ भिंतीच्या नळीचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर विरोध आठपट होतो, वजन मात्र दुप्पटच. जुन्या हलक्या पोलादी फ्रेमची वरची दांडी २५.४ मिमी. आणि खालची तिरकी नळी २८.६ मिमी. व्यासाची असे. ॲल्युमिनियमला एवढ्या व्यासात पुरेसा ताठपणा येत नाही. १९७०च्या दशकात एमआयटीत शिकलेल्या गॅरी क्लाइन यांनी म्हणून रुंद नळ्यांची वाट धरली आणि कॅनोन्डेल कंपनीने १९८३पासून ती बाजारात रुळवली. त्या फ्रेम पायडल मारताना कमालीच्या ताठ लागत. ‘ॲल्युमिनियम अंग खिळखिळे करते, पोलाद मऊ चालते’ ही समजूत तेव्हापासून चिकटली आहे. तो परिणाम रुंद नळ्यांचा होता, त्याचे खापर धातूवर फुटले.

रस्त्याचे धक्के खाण्याच्या बाबतीत तर फ्रेमचा वाटा फारच थोडा. सायकलची चौकट मुळात त्रिकोणांची. वरून भार आला की ती मिलिमीटरच्या अंशाएवढी दबते, टायर मात्र कित्येक मिलिमीटर दबतो. खडबडीत रस्त्यावर सुख हवे असेल तर २८ मिमी.ऐवजी ३५ मिमी.चा टायर बसेल एवढी जागा चिमट्यात (पुढचे चाक धरणाऱ्या दुभंगी भागात) आणि चेनस्टेमध्ये (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्यांमध्ये) सोडून घ्यावी. महागड्या नळ्यांवर केलेल्या खर्चाने जे साधत नाही ते या एका निर्णयाने साधते.

पोलाद हा या धंद्यातला मूळ धातू. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७मध्ये बटेड नळीचे पेटंट घेतले. जोडाचा ताण आणि आच सोसणारी टोके जाड, मधला भाग पातळ, अशी ही नळी. मधे ०.६ किंवा ०.५ मिमी. आणि टोकांना ०.९ किंवा ०.८ मिमी. ही मापे पुढे दशकानुदशके प्रमाण ठरली. १९३५मध्ये त्याच घराण्याची ‘५३१’ ही मँगॅनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी आली. ती इतकी भरवशाची होती की जग्वार ई-टाइप मोटारीच्या पुढच्या सांगाड्यातही वापरली गेली. मिलानमध्ये १९१९मध्ये सुरू झालेले कोलंबस हे दुसरे मोठे नाव. १९९५च्या ‘रेनॉल्ड्स ८५३’ पोलादाचा विशेष असा की वेल्डिंगनंतर हवेत निवताना ते जोडाजवळ आणखी कठीण होते. रेनॉल्ड्स कंपनी पुष्कळ काळ ब्रिटनच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या उद्योगसमूहात होती. याच समूहाने मुरुगप्पा या भारतीय उद्योगघराण्याबरोबर १९४९मध्ये मद्रासेत टीआय सायकल्स ऑफ इंडिया सुरू केली. आपल्याकडच्या हर्क्युलस आणि बीएसए सायकली तिथल्या. त्यांच्या नळ्या साध्या पोलादाच्या आणि जाड, पण घराणे एकच.

पोलादी फ्रेमची खरी कसोटी जोडात असते. लगवाल्या फ्रेममध्ये नळ्यांची टोके लग नावाच्या कोरीव खोबणीत बसवून चांदी किंवा पितळाने झाळतात. चांदीचा झाळ साधारण ६५०–७०० अंश सेल्सिअसला वितळतो, पितळाचा त्याहून सुमारे २०० अंश वर. कारागीर आधी नळीचे तोंड दुसऱ्या नळीच्या गोलाईवर फट न राहता बसेल असे कानशीने घासतो. मग फ्लक्स लावून ज्योत फिरवतो. फ्लक्स पांढरा पडतो, फुगतो आणि काचेसारखा पारदर्शक झाला की झाळाची तार लावायची वेळ आलेली असते. तार एका कडेला टेकवायची, ज्योत दुसऱ्या कडेकडे न्यायची. आचेमागे धावणारा धातू फटीतून ओढला जातो आणि समोरच्या कडेला सलग चकचकीत रेघ उमटते. रेघ तुटक असेल तर आत पोकळी राहिली असे समजावे. आच जास्त झाली तर पातळ नळी नरम पडते, कमी झाली तर झाळ आत शिरतच नाही. रंगकामानंतर यातले काहीही दिसत नाही, म्हणून रंग देण्यापूर्वीची छायाचित्रे मागण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. लगाशिवायही पितळाची गोलसर भर देऊन किंवा टिग वेल्डिंगने जोड करतात. मापे नेहमीपेक्षा वेगळी असतील तर हीच पद्धत सोयीची, कारण लगाचे कोन आधीच ठरलेले असतात.

हात बसलेला कारागीर पोलादातून काय काढतो याचे जपानमधले उदाहरण बोलके आहे. तिथे १९४८मध्ये कोकुरा येथे सुरू झालेल्या केइरिन या व्यावसायिक सायकल शर्यतींत पुरुष स्पर्धकांना मान्यताप्राप्त कारागिरांनी घडवलेली पोलादी फ्रेमच वापरावी लागते. योशिआकी नागासावा यांनी इटलीत पोल्यागी आणि दे रोझा यांच्या कार्यशाळांत काम शिकून मायदेशी स्वतःचे दुकान थाटले. कोइची नाकानो हे १९७७ ते १९८६ अशी सलग 10 वर्षे व्यावसायिक स्प्रिंटचे विश्वविजेते ठरले ते नागासावांच्याच फ्रेमवर.

पोलादाचा एक दोष कोकणात आणि गोव्यात लगेच जाणवतो : ते आतून गंजते. पायडलचा आस बसतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या तळाला पाणी निघून जायला भोक ठेवून घ्यावे आणि नळ्यांच्या आत गंजरोधक तेलाचा थर द्यावा. एवढे केले तर पोलादी फ्रेम पिढीभर टिकते. वाकली, चिरली तरी नळी बदलता येते, आणि मूळ कारागीर हयात नसला तरी ते काम दुसरा करू शकतो.

टिटॅनियमला गंजच चढत नाही, रंगही लागत नाही. मुसळधार पावसात आणि खाऱ्या हवेत वर्षभर चालवणाऱ्याला त्याचे मोल कळते. फ्रेमसाठी मुख्यतः ३ टक्के ॲल्युमिनियम व २.५ टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू वापरतात. विमानांच्या हायड्रॉलिक नळ्यांसाठी तो आधीपासून तयार होत असे. १९८०च्या दशकात अमेरिकेत मर्लिन आणि लाइटस्पीड या कंपन्यांनी त्याच्या फ्रेम रूढ केल्या. हा धातू तापला की हवेतला ऑक्सिजन व नायट्रोजन शोषून ठिसूळ होतो, म्हणून वेल्डिंग करताना नळीच्या बाहेर आणि आतही आरगॉन वायू भरलेला असावा लागतो. जोड पाहून हे कळते : चंदेरी किंवा फिकट पिवळसर छटा चांगली, निळी-जांभळी शंकास्पद, पांढरी भुकटी दिसली तर फ्रेम नाकारावी. घासून झळाळी दिलेल्या जोडावर ही खूण पुसली जाते. दुरुस्तीलाही तितकाच निष्णात हात लागतो आणि असे हात मोजके आहेत.

ॲल्युमिनियमकडे छोटे कारागीर सहसा वळत नाहीत. ६०६१ हा मिश्रधातू वेल्डिंगमुळे जोडाजवळ नरम पडतो. संपूर्ण फ्रेम भट्टीत तापवून, झटकन निववून, पुन्हा मंद आचेवर ठेवली की बळ परत येते. निववताना ती वेडीवाकडी होते, सरळ करावी लागते. एकेका फ्रेमसाठी हा खटाटोप परवडत नाही. शिवाय पोलाद व टिटॅनियम यांना शिणवट्याची मर्यादा असते, म्हणजे ताण ठरावीक पातळीखाली राहिला तर कितीही आवर्तने झाली तरी तडा जात नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, म्हणून त्यात धातू थोडा सढळ हाताने वापरावा लागतो. कारखान्याच्या तयार मापात बसणाऱ्याने ॲल्युमिनियमची फ्रेम खुशाल घ्यावी. घडवून घेण्याचा धातू हा नव्हे.

कार्बन तंतूंची फ्रेम सर्वांत हलकी. १९८६मध्ये ग्रेग लेमाँड यांनी लूक कंपनीच्या कार्बन नळ्यांच्या फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली आणि पुढे शर्यतींतून धातू जवळजवळ हद्दपार झाला. साच्यात घडवलेल्या फ्रेमचा साचा महाग, त्यामुळे मापे ठरलेली. मापाबरहुकूम कार्बन हवे तर तयार नळ्या कापून जोडांवर तंतूंचे थर गुंडाळणारी कार्यशाळा शोधावी लागते. कॅलिफोर्नियातले क्रेग कॅल्फी हे त्यातले जुने नाव. कार्बनला लागलेला मार पुष्कळदा वरून दिसत नाही. ज्याची सायकल सारखी एसटीच्या टपावरून किंवा रेल्वेच्या मालडब्यातून जाणार असेल त्याने याचा आधी विचार करावा. कॅल्फी यांनी बांबूच्याही फ्रेम केल्या. पुण्यातली ‘बांबूची’ ही कार्यशाळा त्याच जातीचे काम करते, आणि स्थानिक कारागिराला भेटून, मापे देऊन फ्रेम घडवण्याची सोय महाराष्ट्रात आहे याचा तो चांगला दाखला आहे.

आता कारागिराविषयी. चांगला कारागीर धातूआधी माणसाविषयी विचारतो : सध्याच्या सायकलवर कुठे दुखते, किती अंतर चालवता, ओझे पुढे की मागे. मग तो नकाशा काढतो. त्यात हँडलचा दांडा ज्यात फिरतो त्या हेड ट्यूबचा कोन आणि चिमट्याचा बाक यांवरून ठरणारा ट्रेल पाहावा. पुढचे चाक जमिनीला जिथे टेकते तो बिंदू हँडल फिरण्याच्या अक्षाच्या किती मागे पडतो ते हे अंतर. ३४० मिमी. त्रिज्येचे चाक, ७३ अंशांचा कोन आणि ४५ मिमी. बाक असेल तर ट्रेल सुमारे ५७ मिमी. येतो, कोन एकाच अंशाने कमी करून ७२ केला की तो ६३ होतो आणि सायकल सरळ रेषेला जास्त धरून राहते. हँडलवर जड पिशवी लावणारे फ्रेंच धाटणीचे सायकलस्वार मुद्दाम कमी ट्रेल घेतात. पॅरिसजवळच्या लव्हाल्वा-पेरेमध्ये ॲलेक्स सिंगर आणि रने एर्स यांनी अशा सायकलींची परंपराच उभी केली.

कमी उंचीच्या माणसाची अडचण वेगळी. नेहमीच्या ७००सी मापाच्या चाकावर आखूड फ्रेम केली की वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला लागतो. कारखाने यावर कोन बदलून वेळ मारून नेतात आणि सायकल जड हाताची होते. अमेरिकन अभियंता जॉर्जिना टेरी यांनी १९८०च्या दशकात पुढचे चाकच लहान, २४ इंची केले आणि स्त्रियांच्या मापाच्या फ्रेम बाजारात आणल्या. आजही पाच फुटांच्या आतबाहेर उंची असणाऱ्यांनी लहान चाकाचा पर्याय कारागिरासमोर ठेवावा. मापाबरहुकूम फ्रेमचा सर्वाधिक फायदा याच मंडळींना होतो आणि तिची चौकशी सर्वांत कमी तेच करतात, ही खेदाची गोष्ट आहे.

कारागिराची परंपरा तपासणे उपयोगी पडते. रिचर्ड सॅक्स हे अमेरिकेतले नामांकित कारागीर १९७२मध्ये लंडनच्या विटकॉम्ब कार्यशाळेत उमेदवारी करून आले होते. मात्र नावाबरोबर प्रतीक्षाही येते, कधी काही वर्षांची. हा धंदा नाजूक आहे. डर्बीमधली १९४६पासूनची मर्सियन ही कार्यशाळाही २०२४मध्ये बंद पडली होती. नव्या मालकांनी ती विकत घेतली म्हणून पुन्हा सुरू झाली. तेव्हा आगाऊ रक्कम, काम पुरे करण्याची मुदत आणि जोडाची हमी हे लेखी असावे, आणि किमान पाच-सात वर्षे वापरात असलेली त्याच हातची एखादी फ्रेम प्रत्यक्ष पाहावी.

महाराष्ट्रात या फ्रेमचा खरा ग्राहक ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक मुदतीत पुऱ्या करायच्या दूर पल्ल्याच्या राइड, करणारा सायकलस्वार आहे. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या या राइडमध्ये २०० किमी. साडेतेरा तासांत, ६०० किमी. ४० तासांत पुरे करायचे असतात, आणि दर 4 वर्षांनी फ्रान्समध्ये होणाऱ्या १२०० किमी.च्या पॅरिस–ब्रेस्त–पॅरिसला ९० तासांची कमाल मुदत असते. इतक्या वेळेत हँडल एक सेंटिमीटर लांब असल्याची किंमत मान, मनगट आणि तळहात मोजतात. फ्रेमचे ३०० ग्रॅम वाचवण्यापेक्षा तो सेंटिमीटर वाचवणे मोलाचे. म्हणून कारागिराकडून नकाशा हातात घ्या, त्यावर सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर, ट्रेल, चवड्याला मिळणारी मोकळी जागा आणि बसणाऱ्या सर्वांत रुंद टायरचे माप हे आकडे लिहून मागा, आणि ते मिळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.