कुंपणाबाहेरची जागा

वसमत तालुक्यांतील कुरुंदा हें गांव आज हिंगोली जिल्ह्यांत आहे. 1999 पूर्वीं तें परभणी जिल्ह्यांत मोडत असे. आणि सप्टेंबर 1948 पर्यंत त्यावर निजामाचा अंमल होता. 1932 सालीं जन्मलेले नरहर कुरुंदकर यांचें आडनांव याच गांवावरून आलें. या गांवाचें नांव घेऊन विदेशी चित्रपटांची तुलना करणें कित्येकांस ओढाताणीचें वाटेल. परंतु ज्या चित्रपटांत राज्यसत्ता माणसाच्या वाणीवर पहारा बसविते, ते पाहतांना आम्हांस या प्रदेशाचा इतिहास आठवल्यावांचून राहत नाहीं.

फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ (1927) हा मूकपट, फ्रान्स्वा त्रुफो यांचा ‘फॅरनहाइट 451’ (1966) आणि मायकेल रॅडफर्ड यांचा ‘नाइन्टीन एटी-फोर’ (1984) हे तीन चित्रपट आम्हीं विचारासाठीं घेतले आहेत. तिन्हींचा काळ भविष्यांतला. आणि तिन्हींचे नायक सत्तेच्या घरांतलेच. पहिला नगराधिपतीचा पुत्र, दुसरा पुस्तकें जाळणारा नोकर, तिसरा जुन्या वृत्तपत्रांतील मजकूर बदलणारा कारकून. तिघांच्याहि आयुष्यास एका स्त्रीच्या भेटीनें वळण लागतें. येथवर साम्य आहे.

भेद आहे तो सुटकेच्या वाटेचा. ‘मेट्रोपोलिस’मध्यें भूमीखालचे मजूर आणि वरचा धनी यांचा अखेर समेट होतो; जुलूम शहरांतच मिटतो. हा शेवट आम्हांस फार सोपा वाटतो. ‘फॅरनहाइट’मध्यें शहराबाहेर रान आहे, व तेथें एकेक माणूस एकेक ग्रंथ मुखोद्गत करून जपत आहे. ‘एटी-फोर’मध्यें मात्र बाहेर असें कांहीं उरलेंच नाहीं, म्हणून तेथें नायकाचें मनहि शेवटीं त्याचें राहत नाहीं.

आतां आपल्या इतिहासाकडे वळूं. हैदराबाद संस्थानांत 1929 सालच्या 53 क्रमांकाच्या गश्तीनें जाहीर सभेस पूर्वपरवानगी आवश्यक केली. संस्थानी प्रजेच्या राजकीय परिषदा तर त्याआधींपासूनच संस्थानाबाहेर भरत होत्या: 1923 त काकीनाडा, 1926 त मुंबई, 1928 त पुणें, आणि पुढें 1931 त अकोला. 1938 सालीं स्टेट काँग्रेस जन्मतांच बेकायदा ठरली. त्याच वर्षीं ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठांतून काढलेल्या विद्यार्थ्यांस नागपूर विद्यापीठानें आपल्याकडे घेतलें.

निजामी राज्य म्हणजे पडद्यावरचें तें दुःस्वप्न, असें आमचें म्हणणें नाहीं. भारतीय भाषेंतून उच्च शिक्षण देणारें उस्मानिया विद्यापीठ त्याच राज्यानें 1918 सालीं काढलें. मात्र ती भाषा उर्दू होती, आणि मराठी मुलांस घरची बोली उंबरठ्याशीं ठेवून शिकावें लागे. इतिहासांत रंग असे मिसळलेले असतात. चित्रपटकाराला ते वेगळे करण्याची मुभा असते.

तरीहि या तुलनेंतून एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसते. मराठवाड्यास त्या काळीं अकोला होतें, पुणें होतें, नागपूर होतें. जें घरीं बोलतां येत नव्हतें तें शेजारीं बोलतां आलें, आणि म्हणून तें विसरलें गेलें नाहीं. जुलमाची खरी परीक्षा त्याच्या क्रौर्यावरून करावी, त्याहून अधिक त्यानें कुंपणाबाहेर किती जागा शिल्लक ठेवली यावरून करावी. आणि आज आपण ज्यांचे शेजारी आहों, त्यांच्यासाठीं ती जागा मोकळी ठेवणें हें आपलेंहि कर्तव्य आहे.