मालकालाच विचारा

मराठी माणसाला त्याच्या स्वत:च्या वस्तूबद्दल मत विचारू नये. खरं उत्तर मिळत नाही. शेजाऱ्याच्या फ्रिजबद्दल विचारा, मेव्हण्याच्या स्कूटरबद्दल विचारा, साडूच्या नव्या ब्लॉकबद्दल तर जरूर विचारा. सविस्तर, साधार आणि न विचारलेल्या तपशिलासह उत्तर मिळेल. पण स्वत: पैसे मोजून घेतलेल्या वस्तूला नावं ठेवणं म्हणजे स्वत:च्या अकलेला नावं ठेवणं. आमचे शेजारी भाऊसाहेब यांची जुनी मोटार चार जणांनी ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. त्या चारांत मी असतो. "कशी काय आहे हो गाडी?" असं विचारलं की भाऊसाहेब बॉनेटवर हात फिरवून म्हणतात, "इंजिन म्हणाल तर एक नंबर! फक्त स्टार्टिंगचा काय तो थोडा..." त्या 'थोडा'पायी माझा इस्त्रीचा शर्ट आठवड्यातून दोनदा जातो.

म्हणून, "ज्याच्याकडे ही गाडी आहे त्याला विचारा" एवढ्या एका वाक्यावर अमेरिकेतल्या एका मोटार कंपनीनं अर्धं शतक धंदा केला, हे वाचल्यावर मी सावरून बसलो. कंपनीचं नाव पॅकार्ड. आता मी पडलो बी. कॉम. आणि बँकेतला कारकून. मोटार घेणं मला परवडत नाही, पण दुसऱ्याच्या मोटारीचा जमाखर्च तपासायला पैसे पडत नाहीत. तेव्हा तो तपासला.

या कंपनीचा जन्म भांडवलातून झाला नाही, तक्रारीतून झाला. ओहायो राज्यात वॉरन नावाचं गाव आहे. तिथे जेम्स वॉर्ड पॅकार्ड नावाचे गृहस्थ थोरल्या भावाबरोबर विजेच्या सामानाचा कारखाना चालवीत. शिकलेले इंजिनीअर, खाऊनपिऊन सुखी. १८९८ साली त्यांनी क्लीव्हलँडच्या अलेक्झांडर विंटन यांच्याकडून एक मोटार विकत घेतली. विंटन मूळचे स्कॉटलंडचे, आधी सायकली करायचे, नुकतेच मोटारीत शिरलेले. गाडी घरी नेतानाच रस्त्यात बसली, आणि शेवटी घोड्यांनी ओढून आणावी लागली, असं सांगतात. मोटारीच्या पहिल्याच दिवशी घोड्याचं महत्त्व पटावं यासारखा अपमान नाही.

पॅकार्ड तक्रार घेऊन विंटनकडे गेले. पुन:पुन्हा गेले. आणि तक्रारीबरोबर सूचनाही घेऊन गेले. इथे माझी सहानुभूती पूर्णपणे विंटनकडे आहे. नुसती तक्रार करणारं गिऱ्हाईक परवडतं, पण तक्रारीबरोबर सूचना देणारं गिऱ्हाईक म्हणजे काय चीज असते हे काउंटरच्या आत बसल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे एक पेन्शनर येतात. पासबुक छापून होईपर्यंत ते मला बँकिंगमधल्या तीन सुधारणा सुचवतात. "आजोबा, तुम्हीच या आत आणि बसा या खुर्चीवर!" हे वाक्य गेली वीस वर्षं माझ्या जिभेच्या टोकावर आहे. मी ते गिळतो. विंटनना गिळता आलं नाही. एवढं कळतं तर स्वत:च करून दाखवा मोटार, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलून गेले.

आणि पॅकार्डनी ती केली! नुसती केली नाही, तर विंटनच्याच कारखान्यातली दोन माणसं फोडून केली. ६ नोव्हेंबर १८९९ रोजी पहिली पॅकार्ड वॉरनच्या रस्त्यावरून धावली. १९०३ साली विंटनच्या गाडीनं इतिहासात प्रथमच अमेरिका आडवी पार केली, सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क, त्रेसष्ट दिवसांत. त्याच उन्हाळ्यात पाठोपाठ पॅकार्ड निघाली आणि एकसष्ट दिवसांत पोचली. दोन दिवसांचा हा फरक पाहून विंटनच्या घरी जेवण गेलं नसणार. पुढे १९२४ साली त्यांनी मोटारी करणंच थांबवलं. गिऱ्हाइकाशी नम्रपणे बोलावं असं आमच्या ट्रेनिंगमध्ये दोन दिवस शिकवतात. विंटनची ही गोष्ट सांगितली असती तर अर्ध्या तासात काम झालं असतं.

ते प्रसिद्ध वाक्यही असंच सहज जन्माला आलं म्हणतात. कुणा गिऱ्हाइकानं माहितीपत्रक मागवलं. कंपनीकडे माहितीपत्रक नव्हतं. "त्यांना कळवा, ज्याच्याकडे गाडी आहे त्यालाच विचारा," असं पॅकार्डनी सांगितलं. १९०१ पासून ते जाहिरातीत झळकू लागलं. छपाईचा खर्च वाचवण्याच्या नादात एवढं मोठं साहित्य दुसरं कुठे निर्माण झालं असेल असं वाटत नाही.

आणि लोक खरंच विचारत. डेट्रॉइटचे हेन्री जॉय नावाचे एक धनिक होते. न्यूयॉर्कला गेले असता त्यांनी रस्त्याकडेला उभ्या दोन पॅकार्ड पाहिल्या. आगीचा बंब धावत गेला, तशी मालकांनी हँडल मारलं, गाड्या तत्काळ सुरू झाल्या आणि बंबामागे पळाल्या, अशी आख्यायिका आहे. कुणाला ढकलायला बोलवावं लागलं नाही! जॉयनी गाडी तर घेतलीच, पण मित्रांना गोळा करून कंपनीत भांडवलही घातलं, आणि १९०३ मध्ये कारखाना डेट्रॉइटला हलवला. तिथे आल्बर्ट कान या वास्तुशिल्पज्ञानं १९०५ साली पोलादी सळ्या घातलेल्या काँक्रीटची इमारत उभी केली. खांब कमी, खिडक्या मोठ्या, उजेड भरपूर. कारखाने असे बांधायचे असतात हे डेट्रॉइटला त्यावरून कळलं.

मग आले वैभवाचे दिवस. १९१५ साली पॅकार्डनं बारा सिलिंडरचं इंजिन काढलं. १९२१ मध्ये अध्यक्ष हार्डिंग शपथविधीला मोटारीतून गेले. असा मान घेणारे ते पहिलेच अध्यक्ष, आणि मोटार पॅकार्ड. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या पागांतसुद्धा घोड्यांशेजारी पॅकार्ड उभ्या राहिल्या. खुद्द जेम्स पॅकार्ड तोवर कारभारातून बाजूला होऊन घड्याळं जमवू लागले होते. १९२७ साली त्यांनी जिनिव्हाच्या कारागिरांकडून एक खिशातलं घड्याळ करून घेतलं, त्यात वॉरन गावावर दिसणारं रात्रीचं आकाश, पाचशे ताऱ्यांसकट. पुढच्याच वर्षी ते वारले. ज्याची पहिली गाडी रस्त्यात बसली, त्या माणसाला शेवटी आपल्या गावाचे तारे खिशात ठेवता आले. तक्रार करावी तर अशी.

इथून पुढचा भाग कॉमर्सचा आहे, पण जांभई देऊ नका.

१९२९ नंतर मंदी आली. श्रीमंत होते ते साधे झाले आणि साधे होते ते रांगेत उभे राहिले. पॅकार्डच्या बरोबरीनं नाव घेतलं जाई अशा दोन गाड्या होत्या, पीअरलेस आणि पिअर्स-अ‍ॅरो. पीअरलेसनं १९३१ मध्ये मोटारी बंद केल्या आणि दारूबंदी उठताच त्याच कारखान्यात बिअर गाळायला सुरुवात केली. पिअर्स-अ‍ॅरो १९३८ साली आटोपली. पॅकार्डपुढे प्रश्न होता, जगायचं कसं? १९३५ साली त्यांनी 'वन ट्वेंटी' नावाची स्वस्त गाडी काढली. किंमत हजार डॉलरच्या आत. लोकांच्या उड्या पडल्या. जी कंपनी वर्षाला जेमतेम काही हजार गाड्यांवर आली होती, तिनं १९३७ च्या मोसमात लाखावर गाड्या केल्या. कारकून, मास्तर, डॉक्टर सगळे म्हणू लागले, आमच्याकडे पॅकार्ड आहे!

हिशेबशास्त्रात याला गुडविल म्हणतात. मराठी पुस्तकात आम्हांला 'ख्याती' असा शब्द होता. ही ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूला बसते, पण तिला हात लावून पाहता येत नाही. पॅकार्डनं तीस वर्षं जमवलेली ही ठेव मोडायला काढली. शेजारच्या कॅडिलॅकवाल्यांनी स्वस्त गाडीला 'ला साल' असं वेगळं नाव दिलं होतं, म्हणजे खातं वेगळं ठेवलं. पॅकार्डनं बचत खातं आणि मुदत ठेव एक केली. तेव्हा बँकेत लक्ष्मी दिसत होती. पण ज्या शेठजीनं चौपट पैसे देऊन पॅकार्ड घेतली होती त्याला विचारायला गेलात तर तो म्हणे, "माझ्या दातांच्या डॉक्टरकडेही तीच आहे." मालकाचं मत बदलू लागलं ते इथे. तरी मी कंपनीला दोष देत नाही. घरात पोरं उपाशी असताना ठेव मोडू नका असं सांगणारा मॅनेजर मी अजून पाहिला नाही.

मग युद्ध आलं. ब्रिटिशांना विमानांसाठी रोल्स-रॉइसची मर्लिन इंजिनं हवी होती. हेन्री फोर्डनी ऐन वेळी अंग काढलं, तेव्हा पॅकार्डनं काम घेतलं आणि पंचावन्न हजारांवर इंजिनं करून दिली. लँकेस्टर बाँबर आणि मस्टँग विमानं त्यांवर उडाली. आकाशात बसलेल्या मालकाला मत विचारायची सोय नव्हती, पण परत आलेल्यांची तक्रार ऐकिवात नाही.

युद्धानंतर मात्र ग्रह फिरले. १९४८ ची नवी पॅकार्ड इतकी गुबगुबीत झाली की लोक तिला 'गाभण हत्तीण' म्हणू लागले. १९५० साली कॅडिलॅकनं वर्षाला लाखाचा आकडा ओलांडला, पॅकार्ड त्याच्या निम्म्यालाही पोचली नाही. १९५२ मध्ये जेम्स नॅन्स नावाचे नवे अध्यक्ष आले, ते आधी चुली आणि फ्रिज विकत होते. माणूस हुशार. पण मोटारीचे सांगाडे करून देणारी कंपनी प्रतिस्पर्ध्यानं विकत घेतली, आणि पॅकार्डला एका अडचणीच्या जागेत घाईघाईनं नवी कामशाळा मांडावी लागली. १९५५ च्या गाडीला रस्त्याचे खड्डे पोटात घेणारं अपूर्व सस्पेन्शन होतं, पण जोडणी ढिली, कुठे पाणी गळे, कुठे दार वाजे. "मालकाला विचारा" या वाक्यात एक धोका असतो. मालक उत्तर देतो.

त्याआधीच, १ ऑक्टोबर १९५४ रोजी, पॅकार्डनं स्टुडबेकर कंपनी विकत घेतली होती. दोन अशक्त मिळून एक सशक्त होतो असा हिशेब. आणि घेताना तिची वहीखाती नीट तपासलीच नाहीत! नंतर कळलं की ना नफा ना तोटा या रेषेवर यायलाच स्टुडबेकरला वर्षाला अडीच लाखांवर गाड्या विकाव्या लागतात, आणि विकल्या जात होत्या लाखाच्या आत. पन्नास हजारांच्या कर्जासाठी आम्ही दोन जामीनदार आणि तीन वर्षांची कागदपत्रं मागतो, तेव्हा लोक आम्हांला हसतात.

२५ जून १९५६ रोजी डेट्रॉइटमधली शेवटची पॅकार्ड बाहेर पडली. नंतरची दोन वर्षं स्टुडबेकरच्याच गाडीवर पॅकार्डचं नाव ठोकून विकलं. लोकांनी तिचं बारसं केलं, 'पॅकार्डबेकर'! १९५८ मध्ये तेही संपलं. १९६२ साली कंपनीच्या पाटीवरूनसुद्धा पॅकार्ड हे नाव खरवडलं गेलं.

पाटीवरून नाव जाणं म्हणजे काय, हे मी सांगू शकतो. आमची बँक दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली त्या दिवशी शिडी लावून दोघांनी पाटी उतरवली. काम तेच, खुर्ची तीच, पगार तोच. तरी आमचे हेड कॅशिअर, जे नोट फाटकी निघाली तरी चेहरा बदलत नाहीत, ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. एक आजी आजही जुन्या बँकेचं पासबुक घेऊन येतात. "आजी, हे चालत नाही आता," म्हटलं तर म्हणतात, "चालत नसेल, पण हे माझं आहे." नव्या बँकेनं त्यांचा एक पैसा बुडवलेला नाही. फक्त त्यांना विचारलं नव्हतं.

डेट्रॉइटचा तो प्रचंड कारखाना पुढे कित्येक वर्षं पडका उभा होता. २०२२ पासून तोही पाडायला घेतला आणि दोनेक वर्षांत बहुतेक भुईसपाट झाला. वॉरनमध्ये संग्रहालय आहे. आणि जगभर पॅकार्ड बाळगून असलेली, रविवारी सकाळी तिचं क्रोमियम पुसणारी माणसं आहेत. त्यांना विचारा. तासभर सोडणार नाहीत. इंजिन कसं, आवाज कसा, आजोबांनी कशी घेतली, सगळं सांगतील. दार वाजतं ते सांगणार नाहीत.

ज्या खात्यात वर्षानुवर्षं व्यवहार होत नाही त्याला आम्ही निष्क्रिय खातं म्हणतो. खातेदार गेलेला असतो, शाखा हललेली असते, पण बाकी मात्र जमेची निघते. पॅकार्डचं तसंच आहे. सहीचा नमुना सगळ्यांना अजून पाठ आहे, पण पैसे काढायला यायला कोणी उरलं नाही.