लाट किती उंच? खलाशाच्या साक्षीपासून लेझर किरणापर्यंत (थ्रेड)

१/ खवळलेल्या समुद्रातील महाकाय लाट ज्यांनी पाहिली, त्यांतील अनेकजण ती सांगायला परत आले नाहीत. जे परतले, त्यांच्या साक्षीवर विज्ञानाने दीर्घकाळ विश्वास ठेवला नाही. लाटेची उंची, लांबी, आवर्तकाल आणि वेग या संज्ञा आज शालेय पुस्तकांत सहज भेटतात. भर समुद्रात त्या मोजायच्या कशा, हा प्रश्न मात्र शतकाहून अधिक काळ माणसांच्या अब्रूचा आणि प्राणांचा प्रश्न होता.

२/ ज्युल द्युमाँ द्यूर्विल हे फ्रेंच नौदलातील विद्वान अधिकारी. १८२० मध्ये मिलो बेटावर सापडलेल्या व्हीनसच्या शिल्पाचे मोल ओळखणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांची गणना होते. १८२६ मध्ये ‘ॲस्त्रोलाब’ जहाजावरून प्रवास करताना हिंदी महासागरात शंभर फुटांच्या आसपास उंचीच्या लाटा पाहिल्याचे त्यांनी नोंदवले. तीन सहकारी साक्षीला होते. तरीही विख्यात शास्त्रज्ञ फ्रान्स्वा आरागो यांनी त्यांची जाहीर थट्टा केली.

३/ आरागो यांची शंका अगदीच निराधार नव्हती. वादळात जहाज स्वतःच कलते. डेकवर उभ्या असलेल्या माणसाला डेक सपाट भासतो आणि समोरची लाट आहे त्याहून कितीतरी उंच दिसते. त्यात भीतीची भर पडते. म्हणून साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याने सांगितलेला आकडा चुकू शकतो. मात्र ‘आकडा चुकू शकतो’ आणि ‘अशी लाट असूच शकत नाही’ या दोन विधानांत मोठे अंतर आहे.

४/ आधी संज्ञा स्पष्ट करू. लाटेचा सर्वांत वरचा भाग म्हणजे माथा आणि सर्वांत खालचा म्हणजे तळ. तळापासून माथ्यापर्यंतचे उभे अंतर ही उंची. लगतच्या दोन माथ्यांमधील आडवे अंतर ही तरंगलांबी. एका ठिकाणाहून एक माथा गेल्यानंतर दुसरा येईपर्यंतचा वेळ हा आवर्तकाल. तरंगलांबीला आवर्तकालाने भागले की लाटेचा वेग मिळतो. किनाऱ्यावर हे सोपे वाटते. समुद्रात निरीक्षक स्वतःच वर-खाली होत असतो आणि मोजायला स्थिर खूण कुठेच नसते.

५/ ही अडचण विल्यम स्कोर्सबी यांनी साध्या भूमितीने सोडवली. तरुणपणी व्हेलच्या शिकारीची जहाजे हाकणारे आणि पुढे धर्मोपदेशक झालेले स्कोर्सबी १८४८ मध्ये अटलांटिक ओलांडत होते. जहाज लाटेच्या तळाशी सरळ उभे असताना ते अशा उंचीवर जाऊन पाहत, की येणाऱ्या लाटेचा माथा नेमका क्षितिजरेषेला टेकलेला दिसे. त्या क्षणी डोळ्याची पाण्यापासूनची उंची म्हणजेच लाटेची उंची! सर्वांत मोठ्या लाटा त्यांना सुमारे ४३ फूट, म्हणजे १३ मीटर, आढळल्या. स्थिर खूण समुद्रात नव्हती, पण क्षितिज होते.

६/ याच सुमारास गणितानेही हात दिला. १८४० च्या दशकात जॉर्ज एअरी यांनी लाटांचा सिद्धान्त सुसूत्रपणे मांडला. त्यानुसार खोल पाण्यात आवर्तकाल कळला की बाकीचे आपोआप कळते. सेकंदांतील आवर्तकालाचा वर्ग करून त्याला १.५६ ने गुणले की मीटरमधील तरंगलांबी मिळते. म्हणजे खलाशाच्या हातात घड्याळ असले, तर लाटेची लांबी आणि वेग कळू शकतो. उंची मात्र घड्याळ सांगत नाही. ती पाहावीच लागते.

७/ ७ फेब्रुवारी १९३३. अमेरिकी नौदलाचे १४६ मीटर लांबीचे तेलवाहू जहाज ‘रामापो’ मनिलाहून सॅन दिएगोकडे निघाले होते. मागून येणाऱ्या वादळी लाटांत त्याचा मागचा भाग तळाशी गेला असताना, नियंत्रणकक्षातील अधिकाऱ्याला लाटेचा माथा डोलकाठीवरील टेहळणीच्या जागेच्या सरळ रेषेत दिसला. जहाजाची मापे ठाऊक होती, त्यामुळे त्रिकोण मांडता आला. उत्तर आले ३४ मीटर. आवर्तकाल १४.८ सेकंद, त्यावरून तरंगलांबी ३४२ मीटर आणि वेग ताशी ८३ किलोमीटर. द्यूर्विल यांनी डोळ्यांनी केलेल्या अंदाजाहूनही मोठी लाट आता भूमितीने मोजली गेली होती.

८/ दुसऱ्या महायुद्धात प्रश्न एका लाटेपुरता उरला नाही. लहान नौकांतून हजारो सैनिक किनाऱ्यावर उतरवायचे, तर त्या दिवशी लाटा किती उंच असतील हे आधी सांगणे भाग होते. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेतील हाराल्ड स्वेर्ड्रुप आणि वॉल्टर मंक यांनी वाऱ्याचा वेग, तो वाहण्याचा काळ आणि पाण्यावरील त्याचे अंतर यांवरून लाटांचा अंदाज बांधण्याची पद्धत तयार केली. १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेतही तिचा उपयोग झाला.

९/ पण समुद्रात लहान-मोठ्या लाटा एकत्रच असतात. मग ‘आजची उंची’ म्हणून कोणता आकडा द्यायचा? अनुभवी निरीक्षक जो आकडा सांगतो, तो सर्व लाटांच्या सरासरीपेक्षा मोठा असतो, कारण नजर लहान लाटांकडे दुर्लक्ष करते. सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी या आकड्याच्या जवळ जाते. तीच व्याख्या रूढ झाली आणि ‘लक्षणीय लाट-उंची’ हे जगन्मान्य माप ठरले. ज्या डोळ्याची एकेकाळी थट्टा झाली, त्याच डोळ्यावरून हे माप बेतले गेले.

१०/ १९५२ मध्ये मायकेल लाँगेट-हिगिन्स यांनी या मापाला संभाव्यतेच्या गणिताची जोड दिली. त्यानुसार लक्षणीय उंचीच्या दुप्पट लाट साधारण ३००० लाटांत एकदा येते. आवर्तकाल १२ सेकंद धरला, तर ३००० लाटा १० तासांत येऊन जातात. दुर्मीळ आणि अशक्य यांतील फरक आता आकड्यांत मांडता येत होता.

११/ तरीही पुरावा अपुराच राहिला. डिसेंबर १९७८ मध्ये ‘म्युन्शेन’ हे जर्मन मालवाहू जहाज उत्तर अटलांटिकमध्ये सर्व खलाशांसह नाहीसे झाले. त्याची एक जीवरक्षक नौका सापडली. ती पाण्यापासून सुमारे २० मीटर उंचीवर टांगलेली असे, पण तिला धरून ठेवणाऱ्या खिळी वाकलेल्या होत्या. इतक्या उंचीवर कशाचा आघात झाला, हे सांगायला कोणीही उरले नव्हते.

१२/ १ जानेवारी १९९५. नॉर्वेजवळच्या उत्तर समुद्रात ‘ड्राउप्नर’ हा समुद्रतळावर रोवलेला वायू-मंच उभा होता. तो हलत नव्हता, कलत नव्हता, घाबरतही नव्हता. त्यावरील लेझर यंत्र पाण्यापर्यंतचे अंतर सतत मोजत होते. लक्षणीय लाट-उंची सुमारे १२ मीटर असताना त्याने २५.६ मीटर उंचीची एक लाट नोंदवली. तिचा माथा सरासरी जलपातळीच्या १८.५ मीटर वर होता. आरागो यांच्या आक्षेपाला जागाच उरली नाही.

१३/ या नोंदीने द्यूर्विल यांचा नेमका आकडा सिद्ध होत नाही. ‘अशी लाट असूच शकत नाही’ हा दावा मात्र तिने निकालात काढला. तो दिवस पाहणे द्यूर्विल यांच्या नशिबी नव्हते. जगभरचे समुद्र पार करून आलेला हा दर्यावर्दी १८४२ मध्ये व्हर्सायजवळच्या रेल्वे अपघातात मरण पावला.

१४/ या इतिहासाचा धागा कोकणापर्यंत येतो. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र किनारपट्टीसाठी उंच लाटांचा इशारा देते, तेव्हा त्यातील आकडा याच लक्षणीय उंचीचा असतो. ‘३ मीटर’ असे लिहिलेले असले, तरी त्याच समुद्रात एखादी लाट ६ मीटरचीही येऊ शकते. जाणत्या तांडेलाला हे गणिताशिवाय ठाऊक असते. साक्ष तपासून घेणे हे शास्त्राचे काम आहेच, पण तपासण्याचे साधन हाती नाही म्हणून साक्षीदाराला खोटे ठरवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

(समाप्त)