नागपूर ते मुंबई : अंतर किती, विमानाला वेळ किती?

नागपूर आणि मुंबई ही दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीची शहरे. ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनासाठी विदर्भातून हजारो अनुयायी दादरला येतात. या प्रवासाचे अंतर मात्र साधनानुसार बदलते.

हवाई अंतर : सुमारे ६९० किमी. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून मुंबईला थेट विमान साधारण दीड तासात पोहोचते. विमान प्रत्यक्ष हवेत त्याहून कमी वेळ असते. धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि उतरल्यानंतरचा वेळही वेळापत्रकात धरलेला असतो. दोन तास आधी पोहोचणे, सामान घेणे आणि तिथून दादर गाठणे धरले, तर हा प्रवास पाच-सहा तासांचा होतो. तिकिटावर मुंबई आहे की नवी मुंबई, हे आधी पाहावे. नवी मुंबईचे विमानतळ उलव्याला असून तिथून दादर बरेच लांब पडते.

रेल्वे : सुमारे ८३७ किमी. मार्ग वर्धा, अकोला, भुसावळ, नाशिक, कसारा घाट असा वळसा घेत जातो. दुरांतोला सुमारे ११ तास, विदर्भ आणि सेवाग्राम एक्सप्रेसला १४ ते १५ तास लागतात.

रस्ता : समृद्धी महामार्ग ७०१ किमीचा असून जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. नागपूर ते भिवंडीजवळील आमणे हे अंतर आठ तासांत, असे सरकार सांगते. पुढे ठाणे-मुंबईची वाहतूक कोंडी वेगळी. या महामार्गावर दुचाकी आणि रिक्षांना प्रवेश नाही, हे मोटारसायकल रॅली काढणाऱ्या तरुणांनी लक्षात ठेवावे.

आता प्रश्न असा की, हा दीड तास कोणाचा? डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मागणी वाढली की विमानाचे भाडेही चढते. रोजंदारीवरच्या माणसाला ते परवडत नाही. त्याच्या दोन रात्री गाडीत जातात आणि कामाचे दोन-तीन खाडे पडतात. किलोमीटर सर्वांना सारखे असले तरी अंतर सारखे नसते. ते उत्पन्नावर ठरते.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन कामे करावीत. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. ४ डिसेंबरच्या गाडीसाठी ५ ऑक्टोबरला. ही तारीख वस्तीतल्या प्रत्येक विहारात फळ्यावर लिहावी. दुसरे, मध्य रेल्वे या काळात अनारक्षित विशेष गाड्या सोडते. त्यांचे वेळापत्रक, परतीच्या गाड्यांसह, लवकर जाहीर व्हावे यासाठी ऑक्टोबरमध्येच निवेदन द्यावे. गर्दी दरवर्षी त्याच तारखेला होते, तेव्हा तयारी ऐनवेळी करण्याचे कारण नाही.