बॅटरीची वायर काढली की गाडीची वही कोरी होते

भाताची झोडणी उरकत आली, आता भाजीच्या गाड्या भरायचे दिवस. या दिवसांत आपल्या कर्जत-खालापूर पट्ट्यात एक इलाज हमखास ऐकू येतो. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, वीस मिनिटं थांबा, परत लावा. बऱ्याच गाड्यांत दिवा जातो, हे खरं आहे. पण दिव्यासोबत अजून काय जातं ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

ज्यांनी प्रीमियर पद्मिनी बोरघाटातून चढवलेली पाहिली, त्यांना खोपोलीच्या वर बॉनेट उघडून थांबलेल्या गाड्या आठवत असतील. पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून ड्रायव्हर बाजूला उभा. त्या गाडीत कॉम्प्युटर नव्हता, कार्बोरेटर होता. हवा ओढली जाईल तसं बारीक भोकातून पेट्रोल यायचं, आणि भोकाचं माप ठरलेलं. खोपोली ते खंडाळा चढ पाचेकशे मीटरचा, तिथं हवा साधारण पाच टक्के पातळ होते. पण भोक तेच, म्हणून वर गेल्यावर पेट्रोल जरा जास्त पडायचं. मिस्त्री स्क्रू फिरवून जुळवायचा. त्याचा कान हाच त्या काळचा सेन्सर.

हे बदललं ते ॲव्हरेजसाठी नाही, धुरासाठी. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या शहरांवर धुराची चादर पसरायची, तिथं कायदे कडक झाले. १९६७ साली जर्मनीच्या बॉश कंपनीनं फोक्सवॅगनच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन दिलं. पुढं १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला. तो का लागला? सायलेन्सरच्या वाटेवर जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवतात, तो तिन्ही विषारी वायू एकदम साफ करतो, पण अट एकच: एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा. थोडं इकडंतिकडं झालं की त्याचं काम बिघडलं. हे माप चालत्या गाडीत क्षणाक्षणाला सांभाळणं स्क्रूच्या आवाक्यातलं नव्हतंच.

आपल्याकडं १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिशाचं पेट्रोल त्याला मारक, ते २००० साली देशभर बंद झालं. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीसाठी युरो नियम लावले आणि कार्बोरेटरचे दिवस भरले. मारुतीच्या मागं 'एमपीएफआय' अशी अक्षरं दिसू लागली ती त्याच सुमाराला. बीएस-४ सोबत गाडीनं स्वतःचा दोष स्वतः नोंदवायची पद्धत आली, ओबीडी म्हणतात ती. ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ सोळा पिनांचं सॉकेट असतं, ते त्यासाठीच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६.

आता ही पेटी, ईसीयू, करते काय? आपल्या भाषेत सांगतो. कर्जतच्या भात संशोधन केंद्राची शिफारस असते, सुधारित वाणाला हेक्टरी १००:५०:५० नत्र, स्फुरद, पालाश. ती सगळ्यांना सारखी. पण तुमचं खाचर पाणथळ आहे की वरकस, गेल्या साली भात लोळला का, हे तुम्ही वहीत लिहिता आणि मात्रा थोडी कमीजास्त करता. ईसीयूतही दोन गोष्टी आहेत. कंपनीनं भरलेला मूळ तक्ता म्हणजे शिफारस. आणि तुमच्या गाडीचा इंजेक्टर थोडा घाण झालाय, हवेचा फिल्टर जुना झालाय, हे ऑक्सिजन सेन्सरवरून ओळखून तिनं केलेली दुरुस्ती, ही वही. दोषाचे कोड आणि दोष घडला तेव्हा वेग, तापमान किती होतं, हेही त्याच वहीत.

वायर काढली की शिफारस पुसली जात नाही, वही पुसली जाते. काही नव्या गाड्यांत तर तीही पुसली जात नाही, नुसती वेळ वाया. पुसल्यावर गाडी काही दिवस उभ्या जागी थरथरते, ॲव्हरेज थोडा पडतो. ती पुन्हा शिकत असते.

हे नुकसान लहान. मोठं वेगळंच. आमच्या शेजारच्या व्हॅनचा दिवा लागायचा, मालक वायर काढायचा, मग गॅरेजला जायचा. स्कॅनरला काही सापडेना. अंदाजानं आधी प्लग बदलले, मग पेट्रोल पंप. शेवटी दिवा लागलेलाच असताना गाडी दाखवली तेव्हा कोड ऑक्सिजन सेन्सरच्या वायरिंगचा निघाला. उंदरानं वायर अर्धी कुरतडलेली, खड्ड्यात आपटली की तुटायची. कापणीनंतर शेतातले उंदीर घराकडं वळतात हे आपल्याला काय सांगायचं! वायर जोडायला खर्च किती, आणि पंपाला किती गेला!

कोड आधी वाचून घ्या, कागदावर उतरवा, मगच पुसू द्या. मोबाईलला जोडायचं छोटं रीडर मिळतं, गावात चौघांत एक पुरतं. आणि कोड म्हणजे 'हा पार्ट गेला' असं नाही. पान पिवळं पडलं म्हणजे नत्रच कमी असं आपण म्हणतो का? पाणी साचलेलं असेल, मूळ सडलं असेल.

डिझेल पिकअपवाल्यांना वेगळं सांगतो. बीएस-६ मध्ये काजळी धरणारी जाळी आहे, डीपीएफ. ती काजळी जाळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो. शेत ते स्टेशन असं चार किलोमीटर हेलपाटे घालून तो तापत नाही. तो दिवा लागला तर वायर काढून काजळी जायची नाही. गाडी मोकळ्या रस्त्यावर पुस्तकात सांगितलंय तशी सलग चालवावी लागते. तरीही दिवा राहिला तर गॅरेज.

ट्रॅक्टरचं म्हणाल तर ५० एचपीच्या वरच्यांना नवे नियम जानेवारी २०२३ पासून लागले, त्यांच्यात ही पेटी आलीच आहे. आपल्या लहान खाचरांत चालणारे बहुतेक त्याखालचे, त्यांचा डिझेल पंप अजून मिस्त्रीच्या पान्यानंच जुळतो.