वारा कोणी खायचा? महिलांच्या रोड सायकल शर्यतीचे विवेचन

१. व्याप्ती

सायकलवरच्या कष्टांचे दोन प्रकार वेगळे ठेवले पाहिजेत. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये सुमारे २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा १५९ दिवसांत एकटीने पूर्ण केली. तिचा सामना अंतराशी, हवामानाशी आणि एकटेपणाशी होता. मास स्टार्ट शर्यतीत सगळ्याजणी एकाच वेळी सुटतात आणि जी आधी रेषा ओलांडते ती जिंकते. तिथे किती वेळ लागला याला महत्त्व नसते, कितवा क्रमांक आला याला असते. म्हणून अशा शर्यतीत सर्वांत बलवान स्पर्धक हरू शकते, आणि अनेकदा हरते.

हे विवेचन या दुसऱ्या प्रकारापुरते आहे. अशी शर्यत कठीण होते ती मुख्यतः वाऱ्याचे ओझे कोणी उचलायचे या प्रश्नामुळे, हे त्याचे प्रतिपादन. हिंगोलीसारख्या जिल्ह्यातून स्पर्धक घडवायच्या तर सुरुवात कुठून करावी, याचेही उत्तर त्यातूनच मिळते.

२. विरोध करणारी तीन बले

सायकलस्वाराला तीन बले मागे खेचतात: हवेचा विरोध, चाकांचे घर्षण आणि चढावर गुरुत्वाकर्षण. हवेवर मात करायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते; उरलेल्या दोन बलांसाठी लागणारी ताकद वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते.

५५ किलो वजनाची मुलगी आणि सायकल, पाणी, कपडे मिळून १० किलो, असे धरू. सपाट रस्त्यावर, वारा पडलेला असताना, ताशी ३० किलोमीटर वेगासाठी तिला अंदाजे १२० वॅट लागतील. ताशी ३६ साठी जवळपास २०० वॅट. वेग पाचव्या हिश्शाने वाढला, पण ताकद दीडपटीहून जास्त लागली. या २०० पैकी १६५ च्या आसपास वॅट एकट्या हवेवर खर्च होतात.

आता तीच मुलगी पाच टक्के चढावर ताशी १५ किलोमीटरने चालली आहे असे समजू. एकूण १६० वॅटच्या आसपास खर्च होतो आणि त्यात हवेचा वाटा जेमतेम १२ वॅट. उरलेला बहुतेक सगळा खर्च वजन वर उचलण्याचा.

यावरून एक नियम मिळतो. सपाटीवर दुसरीच्या मागे वाऱ्यापासून लपता येते, चढावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. घाट लागला की घोळका फुटतो तो यामुळेच.

३. घोळक्याचा हिशेब

पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाजवळ राहिले की हवेचा विरोध साधारण तिसऱ्या हिश्शाने घटतो. वरच्या उदाहरणात ही बचत ५० वॅटहून अधिक भरते. मोठ्या घोळक्याच्या पोटात बचत याहून कितीतरी जास्त. नेदरलँड्समधील आइंडहोवनचे संशोधक बर्ट ब्लोकन यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास मांडला. त्यात मध्याच्या मागे असलेल्यांवर हवेचा विरोध एकट्या स्वाराच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के आढळला.

बचत एवढी मोठी असल्यामुळे एक पेच तयार होतो. पुढे राहून वारा खाणारी सगळ्यांचे काम करते, पण बक्षीस रेषेजवळ ताजीतवानी पोहोचणारीला मिळते. म्हणून प्रत्येकीला वाटते, पुढे दुसरीने जावे. सगळ्यांनीच असा विचार केला की घोळका मंदावतो आणि एखादी पळ काढते.

टोकियो ऑलिंपिकची महिला शर्यत, २५ जुलै २०२१, हे याचे ठळक उदाहरण. अंतर १३७ किलोमीटर. ऑस्ट्रियाची अ‍ॅना किझेनहोफर ही गणितातील डॉक्टरेट; तिच्याकडे ना व्यावसायिक करार, ना शर्यतीत एकही सहकारी. शर्यत सुटताच ती चौघींबरोबर पुढे निघाली. मागच्या घोळक्यात नेदरलँड्सच्या चार दिग्गज होत्या आणि पाठलाग त्यांनीच करावा अशी इतरांची अपेक्षा होती. आघाडी दहा मिनिटांच्या वर गेली. शेवटचे चाळीसेक किलोमीटर किझेनहोफरने एकटीने काढले. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ लावायला परवानगी नसते. तिच्या उरलेल्या दोन साथीदार पकडल्या गेल्यावर पुढे कोणी उरले नाही, अशी मागच्यांची समजूत झाली. सव्वा मिनिटाने पोहोचलेल्या अ‍ॅनेमिक व्हॅन फ्लूटेनने सुवर्ण मिळाले या समजुतीने हात उंचावले. मिळाले होते रौप्य.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली हेच तत्त्व शेवटच्या टप्प्यात दिसले. अमेरिकेच्या क्रिस्टन फॉकनरने तीनेक किलोमीटर उरले असताना मुसंडी मारली. बरोबरच्या तिघी एकमेकींकडे पाहत राहिल्या आणि ती जवळपास मिनिटभराच्या फरकाने जिंकली.

४. शरीर

महिलांची पहिली ऑलिंपिक रोड शर्यत १९८४ मध्ये लॉस एंजलिसला झाली, ७९ किलोमीटरची. पॅरिसला अंतर १५८ किलोमीटर होते. चाळीस वर्षांत अंतर दुप्पट झाल्याने इंधनाचा प्रश्न पुढे आला. शरीरातला कर्बोदकांचा साठा जोराच्या शर्यतीत दीड-दोन तासांत आटतो. म्हणून तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. केळी, खजूर, गुळाचे पाणी यांतून ती मिळतात, पण भूक लागण्याआधी खाण्याची सवय सरावातच लावावी लागते.

आपल्याकडे दुसरा मुद्दा रक्ताचा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू कमी पोहोचतो आणि कितीही सराव केला तरी ती उणीव भरून निघत नाही. सराव वाढला आणि आहार तेवढाच राहिला तर पाळी अनियमित होऊ शकते, हाडे कमकुवत होऊ शकतात. म्हणून सरावाच्या वहीत पाळीची नोंद किलोमीटरच्या नोंदीइतकीच आवश्यक.

५. हिंगोलीचे रस्ते

हिंगोलीत सह्याद्रीसारखे लांब घाट नाहीत. मग इथे कठीण शर्यत कशी होणार? दुसऱ्या आणि तिसऱ्या कलमाचे उत्तर असे की वारा पुरेसा आहे. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. हिंगोलीहून औंढा नागनाथकडे जाणारा रस्ता नैर्ऋत्येला, म्हणजे वारा समोरून. कळमनुरीचा रस्ता पूर्वेकडे, वारा पाठीवर. कनेरगाव नाक्यावरून वाशीमला जाणारा रस्ता जवळजवळ सरळ उत्तरेला, म्हणजे वारा डाव्या बाजूने.

तिन्हींत हा शेवटचा सर्वांत शिकवणारा. बाजूच्या वाऱ्यात आडोसा थेट मागे मिळत नाही, तिरका उजवीकडे मिळतो. रांग तिरपी होते आणि रस्त्याची रुंदी संपली की रांगेतल्या त्यानंतरच्या मुलीला आडोशाची जागाच उरत नाही. ती मागे पडते, पाठोपाठ तिच्या मागच्याही. सपाट रस्त्यावर घोळक्याचे तुकडे असे पडतात. अर्थात तिरपी रांग रहदारी बंद केलेल्या रस्त्यावरच लावावी. वाशीमचा हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. एरवी पहाटे, आतल्या रस्त्यांवर, एकामागे एक. हळदीच्या हंगामात बाजार समितीकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांच्या आधी परतलेले बरे. आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तर पहाटेशिवाय दुसरी वेळच नाही.

६. घोळक्याचे शिक्षण

घोळक्यात चालणे हे कसब आहे. नजर पुढच्या चाकावर खिळवायची नाही, पुढच्या मुलीच्या कमरेपलीकडे ठेवायची. अंतर आधी एका सायकलचे, मग हळूहळू कमी. आपले पुढचे चाक तिच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसू द्यायचे नाही. दोन्ही घासली तर बहुधा मागचीच पडते. पुढची बाजूला होताना कोपराने खूण करते. मागचीने तेव्हा वेग वाढवायचा नाही, आहे तोच टिकवायचा. नवखी इथेच चुकते: पुढे आल्यावर जोर दाखवते आणि मागची रांग तुटते.

हे शिकायला महागडी सायकल लागते का? सपाटीवर सायकल १० किलोने जड असली तर ताशी ३६ च्या वेगालाही त्या वजनाचा भार साधारण ५ वॅटचा. दुसरीच्या मागे चालल्याने वाचतात त्याच्या दहापट. ताठ बसण्याने आणि जाड टायरने वेग घटतो हे खरे, पण तो सगळ्याजणींचा सारखाच घटतो. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात आणि हिंगोली जिल्हा त्यात आहे. जड, बिनगिअरच्या त्या सायकलींवरही कमी वेगात रांग धरणे आणि पाळीपाळीने पुढे येणे शिकता येते. हेल्मेट मात्र हवेच.

७. निष्कर्ष

कोल्हापूर जिल्ह्यातील पूजा दानोळे, संगमनेरची प्रणिता सोमण अशा खेळाडूंनी महाराष्ट्राचे नाव राष्ट्रीय स्पर्धांत नेले. तिथवर पोहोचायला पुढे चांगली सायकल, प्रशिक्षक आणि पैसा लागतोच. बिनगिअरच्या सायकलवर कोणी राष्ट्रीय शर्यत जिंकणार नाही. पण क्रम चुकू नये. एकटीने सराव करणाऱ्या मुलीला महागडी सायकल दिली तर ती टाइम ट्रायलची, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकटीने चालवण्याच्या शर्यतीची, स्पर्धक होईल. मास स्टार्टमध्ये पहिल्याच वळणावर घोळका तिला घाबरवेल. आठ-दहा मुली आठवड्यातून दोनदा एकत्र चालवू लागल्या, तर वारा कधी खायचा आणि कधी दुसरीला खाऊ द्यायचा हे त्यांना कळू लागेल. जिल्ह्याने आधी घोळका उभा करावा आणि सायकलींची खरेदी त्यानंतर करावी.