परवान्याची वस्तू : हौशी बिनतारी संचांची हकीकत

शेत विकत घेतले की सातबाऱ्यावर आपले नाव चढते, आणि त्यात तूर पेरावी की पऱ्हाटी हे सांगायला कोणी येत नाही. हौशी बिनतारी संचाचे तसे नाही. पदरचे पैसे मोजून आणलेला किंवा रात्री जागून स्वतःच्या हातांनी जोडलेला संच घरात असतो खरा. पण तो बाळगावा कोणी, कोणत्या लहरींवर चालवावा आणि विकायचा झाला तर कोणाला, हे मालक ठरवीत नाही, परवाना ठरवितो. या बाबतीत तो शेतापेक्षा बंदुकीच्या जवळचा. या चमत्कारिक मालकीचा इतिहास आपल्या वऱ्हाडालाही एके ठिकाणी येऊन स्पर्श करतो, म्हणून हा विषय आज निवडला.

'हॅम' या नावाने ओळखली जाणारी ही मंडळी पैसे घेऊन निरोप पाठवीत नाहीत, गाणी वाजवीत नाहीत. संच जोडावा, दूरच्या अनोळखी माणसाला हाक मारावी आणि उत्तर आले की नोंदवहीत टिपून ठेवावे, एवढाच हा छंद. आपल्या देशात अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस यांनी 1921 साली त्याचा पाया घातला. तारखात्याचा 1885 चा कायदा होताच; 1933 साली बिनतारीचा स्वतंत्र कायदा आला आणि परवान्यावाचून असे यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला.

त्या कायद्याचा खरा अर्थ 1939 साली कळला. महायुद्ध सुरू होताच हौशी मंडळींना आपले प्रेषक संच पोलिसांच्या हवाली करण्याचे लेखी हुकूम गेले. वर्षानुवर्षे जमविलेली यंत्रे एका कागदाने घराबाहेर पडली. मुंबईत नरिमन प्रिंटर नावाचे एक हौशी तंत्रज्ञ होते. ऑगस्ट 1942 मध्ये पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या, तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी बाबुभाई खाकर, चंद्रकांत झवेरी यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ उभारला. त्याचे यंत्र जुळविले प्रिंटर यांनी. शिकागो रेडिओ या प्रसिद्ध पेढीचे नानक मोटवाने यांचेही साहाय्य होते. 'हिंदुस्थानातून कुठून तरी' अशी ओळख देत हे केंद्र 42.34 मीटरवर बोलू लागले.

हा आकडा ध्यानात घेण्याजोगा आहे. तो हौशी लोकांच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यात पडतो. ज्यांचा हा पट्टा, त्यांना 1939 पासून मुके केलेले. आणि त्यांच्याच रिकाम्या अंगणातून ही गुप्त हाक निघत होती.

आता वऱ्हाडाकडे वळू. 16 ऑगस्ट 1942 रोजी वर्धा नदीपलीकडे आष्टी येथे आणि चांदा जिल्ह्यात चिमूर येथे काय घडले, हे आपल्याकडे घरोघर माहीत आहे. नदीच्या अलीकडे आपल्या जिल्ह्यातील यावली आणि बेनोडा यांच्या नावांना 'शहीद' हा शब्द त्याच महिन्याने जोडला. या बातम्या छापण्याची सोय नव्हती. आष्टी-चिमूरचे अत्याचार ज्यांनी उघडपणे सांगितले त्यांत हा काँग्रेस रेडिओ होता. वारंवार जागा बदलत तो सुमारे तीन महिने चालला. 12 नोव्हेंबर 1942 ला पोलीस आले, माणसे धरली गेली आणि संच जप्त झाला. प्रिंटर माफीचे साक्षीदार झाले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, खाकरांना पाच. माणसाचा न्याय करणे सोपे नाही. पण ज्याने यंत्र जोडले त्याच्याच साक्षीने ते जोडणारा संघ तुटावा, ही गोष्ट मनाला लागून राहते.

युद्ध संपले आणि चित्र पालटले. सरकारजमा करण्याऐवजी आता सरकारेच संच विकू लागली. विमानांतील अमेरिकन ग्राहक यंत्रे, उदाहरणार्थ बीसी-348, भंगाराच्या भावाने बाजारात आली. ती 28 व्होल्टच्या विमानी विजेवर चालत. हौशी माणूस आतले फिरते जनित्र काढून तेथे घरगुती विजेचा पुरवठा बसवी. आपल्याकडे 1948 साली महू येथे हौशी मंडळींची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. पुढे प्रेषक आणि ग्राहक एकाच पेटीत आले. कॉलिन्स कंपनीचा 1957 चा संच हा त्यांतला नावाजलेला. त्यानंतर 1970 च्या सुमारास जपानचा यासू एफटी-101 आला. परदेशी संचांवरील जबर जकातीमुळे ते आपल्या लोकांना केवळ चित्रात पाहण्याजोगे होते. 1984 च्या सुमारास ती माफ झाली. तोवर आपल्याकडे जुना संच म्हणजे हातोहात फिरणारी ठेवच होती.

आजही असा संच विकत घेणारा जाणता माणूस प्रथम बटन दाबीत नाही. वर्षानुवर्षे कपाटात पडलेल्या संचाचे कंडेन्सर सुकलेले असतात. अकोल्याचा उन्हाळा त्यांना आणखी भाजतो. एकदम पूर्ण वीज दिली तर ते फुटतात. म्हणून डिमरस्टॅट लावून व्होल्टेज हळूहळू चढवायचे. एफटी-101 चे शेवटचे दोन व्हॉल्व्ह मुळात टीव्हीसाठी बनविलेले. टीव्ही व्हॉल्व्हमुक्त झाले आणि त्यांचा पुरवठा आटला. 'प्लेट' आणि 'लोड' या दोन गुंड्या जुळविण्यात दिरंगाई झाली तर ते काही क्षणांत लाल होतात. म्हणून घेणारा विचारतो : हा चालविला कोणी? सोबत माहितीपुस्तिका आहे काय? आतल्या तारांत कोणी हात घातला आहे काय? आमच्या मते या बाजारात पहिल्या मालकाचा हात हाच खरा भाव. बंद पेटीच्या आत सुमारे सहाशे व्होल्ट खेळत असतात, हेही नवख्याने विसरू नये.

कठीण प्रसंग येतो तो हा हौशी गृहस्थ वारल्यावर. त्याचा परवाना त्याच्याबरोबर संपतो; संच मात्र टेबलावर राहतो. मुलांना तो अडगळ वाटतो आणि दारात भंगारवाला उभाच असतो. जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी संसदेने 2023 साली दूरसंचाराचा नवा कायदा केला. परंतु परवान्याचे तत्त्व सुटलेले नाही. तेव्हा घरच्यांनी संच चालू करून पाहू नये आणि वजनावरही घालू नये. परवानाधारक हौशी माणूस गाठावा, हस्तांतराची रीत त्याला विचारावी, आणि संचाबरोबर ती नोंदवहीही द्यावी. कोणत्या रात्री कोणत्या देशाने उत्तर दिले, हे मृताच्या अक्षरात त्या वहीतच असते.